दवाखान्यात वजनावरून होणारी रुग्णांची अवहेलना

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

जुलै २०२५ मध्ये समोसा आणि जिलेबीमुळे आपल्या नागपूरचे नाव देशभर गाजले. पदार्थांतील तेल-साखरेचे प्रमाण दाखवणारे फलक कार्यालयांत लावावेत, अशी सूचना केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने केली होती. मिहानमधील एम्सच्या संदर्भात तिची बातमी झाली आणि आता ठेल्यावरच्या समोशावरही इशारा छापणार, असा समज पसरल्यावर सरकारला खुलासा करावा लागला. तर्रीपोह्यांचे आता कसे होणार, हा विनोदही आपण करून घेतला. फलकांना माझा विरोध नाही. परंतु स्थूलतेविरुद्ध एवढी मोहीम चालू असताना प्रत्यक्ष स्थूल माणूस दवाखान्यात गेला की त्याच्या वाट्याला काय येते, याची चर्चा मात्र कोठे होताना दिसत नाही.

बहुतेक ओपीडींमध्ये वजनकाटा बाहेरच्या बाकांसमोर ठेवलेला असतो. मावशी काट्यावरचा आकडा तिथूनच मोठ्याने सांगतात, केस पेपर लिहिणारी मुलगी ‘किती म्हणालात?’ असे विचारून तो पुन्हा वदवून घेते आणि बाकावर बसलेले सगळे मान वळवून पाहतात. यात कोणाच्याही मनात दुष्टावा नसतो, हे मला मान्य आहे. पण रक्ताचा किंवा लघवीचा अहवाल जर कोणी असा ओरडून सांगत नाही, तर वजनच का सांगावे?

पुढे तपासणीच्या खोलीत जे घडते ते अधिक गंभीर आहे. माझ्या धाकट्या जाऊबाईंना जिना चढताना दम लागे, पाळीच्या वेळी रक्तस्रावही फार होई. धंतोलीच्या परिसरातील एका रुग्णालयात त्यांना प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले, ‘आधी वजन उतरवा, मग बघू.’ कोणी साधा हिमोग्लोबिनचा तपास लिहून दिला नाही. पुढे दुसऱ्या डॉक्टरांनी तो करायला लावला तेव्हा हिमोग्लोबिन सातच्याही खाली निघाले आणि सोनोग्राफीत गर्भाशयातील गाठी दिसल्या. त्यांचे वजन जास्त होते आणि आजही आहे, पण दम लागण्याचे कारण रक्तात होते. हीच तक्रार घेऊन एखादी सडपातळ बाई आली असती तर तिची रक्ततपासणी पहिल्याच दिवशी झाली असती, असे मला राहून राहून वाटते.

रक्तदाब मोजण्याच्या पट्ट्याचेही तसेच आहे. जाड दंडाला नेहमीचा पट्टा बांधला तर रक्तदाब प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसतो, हे वैद्यकशास्त्राला जुनेच ठाऊक आहे. अमेरिकेत २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागायला हवा होता त्यांना नेहमीचा पट्टा बांधला असता वरचा आकडा सरासरी १९ अंकांहूनही अधिक फुगलेला आढळला. तरीही आपल्याकडे पट्ट्याचे वेल्क्रो सुटू लागले की दोष रुग्णाच्या दंडाला दिला जातो, आणि त्या चुकीच्या आकड्यावरून गोळी सुरू होण्याचा धोका राहतो.

अशा अनुभवांचा परिणाम काय होतो, यावर जगभर संशोधन झालेले आहे. अपमानाच्या धास्तीने रुग्ण दवाखाना टाळतात. स्त्रिया गर्भाशयमुखाच्या आणि स्तनांच्या कर्करोगाची तपासणी लांबणीवर टाकतात. बोलणी खाल्ल्याने वजन उतरत नाही, उलट ताण वाढून खाणेच वाढते, असेही आढळले आहे. २०१५ मधील एका अमेरिकी अभ्यासात वजनावरून भेदभाव सोसलेल्यांमध्ये मृत्यूचा धोका सुमारे ६० टक्के अधिक दिसला. २०२० मध्ये अनेक देशांतील तज्ज्ञांनी ‘नेचर मेडिसिन’ या वैद्यकीय नियतकालिकात संयुक्त निवेदन प्रसिद्ध करून, स्थूलता म्हणजे केवळ आळस आणि खादाडपणा, ही समजूत शास्त्राला धरून नसल्याचे स्पष्ट केले. आनुवंशिकता, थायरॉइड, पीसीओडी, स्टेरॉइड आणि काही मानसिक आजारांवरील औषधे यांचा वजनाशी असलेला संबंध तर कोणत्याही डॉक्टरला सांगावा लागू नये.

स्थूलतेमुळे मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. भारतीयांमध्ये तो कमी वजनालाच सुरू होतो, म्हणून आपल्याकडे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) २३ झाला की वजन जास्त मानतात. पण नुसत्या डोळ्यांनी केलेला अंदाज दोन्ही बाजूंनी फसतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे छापली होती. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, मात्र शरीरातील चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१ टक्के होती. म्हणजे ज्याला पाहून डॉक्टर ‘तुम्हाला काय धाड भरली आहे’ म्हणतात, त्या किरकोळ माणसाचा मधुमेहही या सवयीपायी नजरेआड होऊ शकतो.

एका सकाळी शेकडो रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांकडून लांबलचक समुपदेशनाची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल, हे कबूल. तथापि एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात २०१९ पासून वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद हा स्वतंत्र भाग आलेला आहे. त्यात वजनाचा विषय कसा काढावा, हे शिकवता येईल. कॅनडाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार डॉक्टरने वजनाविषयी बोलण्यापूर्वी रुग्णाची परवानगी घ्यावी, असे अपेक्षित आहे. ‘वजनाबद्दल बोललो तर चालेल का?’ एवढे विचारायला कितीसा वेळ लागतो?

मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातील तिन्ही सरकारी रुग्णालयांनी आणि शहरातील खासगी रुग्णालयांनी वजनकाटा पडद्याआड न्यावा, आकडा न उच्चारता थेट केस पेपरवर लिहावा, प्रत्येक ओपीडीत मोठ्या मापाचा पट्टा आणि बिनहाताच्या काही खुर्च्या ठेवाव्यात. आणि वजन उतरवण्याचा सल्ला देताना मूळ तक्रारीसाठी कोणता तपास सांगितला, हेही त्याच कागदावर नोंदवणे बंधनकारक करावे, अशी माझी मागणी आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर