‘लाइट-पाण्यासह’ म्हणजे नेमके काय, हे करारात लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

लातुरात शिकवणी वर्गांचे प्रवेश सुरू झाले की आसपासच्या गल्ल्यांतून ‘फ्लॅट भाड्याने देणे आहे, लाइट-पाण्यासह’ अशा पाट्या दिसू लागतात. नीट-जेईईच्या तयारीसाठी आलेली मुले, त्यांच्या जेवणाखाण्यासाठी गाव सोडून सोबत राहणाऱ्या आया आणि बदलीवर आलेले नोकरदार ती पाटी वाचून महिन्याकाठी एकच रक्कम द्यावी लागेल, असे गृहीत धरतात. परंतु त्या रकमेत वीज किती आणि पाणी कोणते, हे बहुधा कुठेच लिहिलेले नसते. त्यामुळे मार्च-एप्रिलमध्ये कूलर आणि टँकर एकदमच सुरू झाले की वादालाही तोंड फुटते.

आधी विजेचे पाहू. अनेक इमारतींत महावितरणचे मीटर एकच असते आणि जिन्याखाली प्रत्येक बिऱ्हाडाचे सबमीटर बसवलेले असते. महिनाअखेरीस घरमालक वहीत रीडिंग टिपून घेतात आणि ठरावीक युनिटांपुढचा वापर आपल्या दराने आकारतात. हा दर महावितरणपेक्षा चढा असतो, म्हणून भाडेकरू त्यांना नफेखोर ठरवतात. पण दोष दरवेळी घरमालकाचाच असतो असे नाही. घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने वाढतो. शंभर युनिटांनंतर तो दुपटीच्या आसपास जातो आणि तीनशेनंतर आणखी चढतो. प्रत्येकी 90 युनिट वापरणाऱ्या चार बिऱ्हाडांची मीटरे वेगळी असतील, तर चौघांचाही सगळा वापर पहिल्या, स्वस्त टप्प्यातच बसतो. तोच 360 युनिटांचा वापर एका मीटरवर आला की पहिली शंभर युनिटेच स्वस्तात मिळतात, पुढची दोनशे दुसऱ्या टप्प्यात आणि उरलेली साठ तिसऱ्या टप्प्यात जातात. स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, चौघांनी वेगवेगळा भरला तरी स्वतंत्र मीटरच स्वस्त पडते. वीज कायदा, 2003 च्या कलम 43 नुसार जागेचा मालक किंवा ताबाधारक (म्हणजे भाडेकरूही) यांपैकी कोणीही जोडणी मागू शकतो. मात्र बिलावर भाडेकरूचे नाव लागले की तो उद्या घरावर हक्क सांगेल, या भीतीने मालक संमती देत नाहीत. तसे असेल तर त्यांनी प्रत्येक फ्लॅटसाठी स्वतःच्या नावे वेगळे मीटर घ्यावे.

पाण्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या या शहरात कोणत्याही घरमालकाकडून बारमाही पाण्याची हमी मागणे अन्यायाचे ठरेल. बोअर आटले तर तो तरी काय करणार? पण नळाचे पाणी किती दिवसांआड येते, बोअर उन्हाळ्यात टिकते का आणि टँकर मागवावा लागला तर त्याचा खर्च कोणी व कोणत्या प्रमाणात सोसायचा, एवढे तरी घर देतानाच सांगता येते. पिण्याच्या पाण्याचा जार तर जणू ‘पाण्यासह’मध्ये मोडतच नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय असा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे असल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर येतो. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून निश्चिंत राहणाऱ्या घरमालकांनी याची विशेष दखल घ्यावी.

करार तयार करून देणाऱ्या एजंटांनी छापील मजकुरात आणखी तीन ओळी घालाव्यात: भाड्यात किती युनिट धरले आहेत, त्यापुढील दर काय आणि टँकरचा खर्च कोणाचा. महावितरणच्या स्थानिक कार्यालयानेही प्रवेशाच्या हंगामात या भागात शिबिर घेऊन स्वतंत्र मीटरचे अर्ज जागेवरच स्वीकारावेत, ही विनंती.

– एक भाडेकरू, लातूर