वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला वायफाय

बंगळूर,
रविवार

ती. आई-बाबांना
शि. सा. न. वि. वि.

पार्सल फोडलंत की आधी हे पत्र वाचा आणि मगच आतली डबी उघडा. बाबा, हे वाक्य तुमच्यासाठी आहे. तुम्ही आधी वस्तू खोलता आणि एखादा स्क्रू उरला की मग कागद शोधता.

डबीत वायफायचं डोंगल आहे, म्हणजे कॉम्प्युटरच्या यूएसबीत खोचायचा वायफायचा छोटा तुकडा. ते पाठवण्याचं कारण म्हणजे वरच्या कॉम्प्युटरला नेट देणारी, हॉलमधून जिन्याने वर गेलेली ती लॅन केबल. आईचा पाय तीत अडकला हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं, तुम्ही दोघांनी नाही. ‘अगं पडले कुठे, नुसती धडपडले’ हे आईचं उत्तर मला पाठ आहे. सत्तरीत जिन्यात धडपडण्याला ‘नुसतं’ म्हणत नाहीत. केबल निघाली पाहिजे.

फोनवर सांगता आलं असतं, पण आपल्या फोनवरच्या शिकवणीचा शेवट कसा होतो ते आपल्याला ठाऊक आहे. मी म्हणणार उजव्या कोपऱ्यात खाली बघा, बाबा म्हणणार इथे काहीच नाही, आई मागून म्हणणार अहो ते काय आहे तिथे, आणि मग तुमचं दोघांचं सुरू. त्यापेक्षा कागद बरा. कीबोर्डशेजारी ठेवा आणि एकेक झालं की पेन्सिलीने खूण करा. बाबा, ओझरला तुम्ही चेकलिस्ट पाहिल्याशिवाय विमानाला हात लावत नव्हता, मग घरी आल्यावर काय होतं तुम्हाला?

मोबाइलला वायफाय आपोआप मिळतं आणि एवढ्या मोठ्या धुडाला का नाही, हे तुम्ही विचारणारच. मोबाइल आणि लॅपटॉपमध्ये वायफायचा रेडिओ कंपनीच आत बसवून देते. आपला डेस्कटॉप घेतला तेव्हा तो केबलवर चालेल असंच गृहीत होतं, त्यामुळे त्यात रेडिओच नाही. तो बाहेरून द्यायचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे कॅबिनेट उघडून मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये कार्ड बसवायचं. खरं तर ते जास्त चांगलं. पण कॅबिनेट उघडलं की तुम्ही म्हणणार, उघडलंच आहे तर पंखा साफ करू, रॅम काढून पुसू, आणि संध्याकाळी मला फोन येणार की आता चालूच होत नाही. म्हणून दुसरा मार्ग निवडला, यूएसबीचा.

डबीवर मोठ्या अक्षरात ६०० लिहिलंय, म्हणजे एमबीपीएस, नेटचा वेग. त्याला भुलू नका. वायफायचे दोन बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, असतात. कंपन्या २.४ गिगाहर्ट्झच्या बँडचे १५० आणि ५ गिगाहर्ट्झच्या बँडचे ४३३ असे दोन्ही आकडे एकत्र करून वरच्या शेकड्यात छापतात. डोंगल एका वेळी एकाच बँडवर चालतं, आणि तिथेही छापलेल्याच्या निम्मं पदरात पडलं तरी खूप. शिवाय आपला प्लॅनच १०० एमबीपीएसचा आहे. म्हणजे स्पीड टेस्टमध्ये साठ-सत्तर दिसलं तर दुकानदाराने मला फसवलं असं समजू नका. आईच्या गीतेच्या क्लासला आणि तुमच्या शेअरच्या भावांना तेवढं रग्गड आहे.

आता लावायचं कसं ते. सगळ्यात महत्त्वाचं: जुनी केबल आधी काढू नका. कारण डोंगलला ड्रायव्हर (म्हणजे विंडोजला ते ओळखायला आणि चालवायला लावणारं छोटं सॉफ्टवेअर) लागतो, ड्रायव्हर नेटवरून उतरतो, आणि नेट यायला डोंगल लागतं. या चक्रात भले भले अडकतात. केबल जोडलेली असेल तर विंडोज बहुतेक वेळा स्वतःच ड्रायव्हर शोधून आणतं, आपण फक्त पाच-दहा मिनिटं स्वस्थ बसायचं. (स्वस्थ बसायचं, बाबा. मधेच काढून दुसऱ्या पोर्टात लावून बघायचं नाही.)

पोर्ट मागच्या बाजूचं घ्या. पुढची पोर्टं ढिली झालीत, पेनड्राइव्ह लावताना तुम्हीच कुरकुरता. मागे निळी आणि काळी अशी दोन प्रकारची पोर्टं दिसतील, त्यातलं काळं. निळी पोर्टं यूएसबी ३.० ची असतात, आणि त्यांच्यावर हार्डडिस्क वगैरे चालू असली की जो रेडिओचा गोंगाट होतो तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास पसरतो. इंटेलनेच २०१२ मध्ये त्यावर सविस्तर लिहिलं होतं. फोटोंची हार्डडिस्क तुम्ही कायम लावून ठेवता, म्हणून ही सूचना.

डोंगल थेट सीपीयूच्या पाठीत खुपसू नका. तिथे एका बाजूला पत्रा आणि दुसऱ्या बाजूला भिंत, रेंज मिळणार कुठून? सोबत एक मीटरची यूएसबी एक्स्टेंशन दिली आहे. तिचं एक टोक मागे लावा, दुसरं टेबलावर घ्या आणि मॉनिटरच्या बाजूला, जिन्याच्या दाराकडे तोंड करून डोंगल उभं करा. वायर टेबलाच्या मागून न्या, जमिनीवरून नको.

लावल्यावर स्क्रीनवर काहीच झालं नाही, तर ‘धिस पीसी’ उघडा. तिथे एखादी नवी सीडी ड्राइव्ह दिसली तर दचकू नका. काही डोंगलं आधी सीडी असल्याचं सोंग घेतात आणि ड्रायव्हर आपल्या पोटातच घेऊन येतात. त्यातली सेटअपची फाइल चालवायची, परवानगी विचारली की ‘येस’. तेही नसेल तर स्टार्टच्या बटणावर उजवं क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. पिवळ्या त्रिकोणात उद्गारचिन्ह दिसलं तर समजा की विंडोजला वस्तू दिसली आहे पण ओळख पटलेली नाही. मग पार्सलमधला लाल पेनड्राइव्ह लावा, त्यात ‘वायफाय’ नावाच्या फोल्डरमध्ये मी ड्रायव्हर घालून ठेवलाय. तो कंपनीच्या साइटवरूनच घेतला आहे, डोंगलच्या लेबलवरचं मॉडेल आणि त्यापुढचं बारीक अक्षरातलं व्हर्जन पाहून. ते बारीक अक्षर महत्त्वाचं असतं. नाव तेच ठेवून कंपन्या आतली चिप बदलतात आणि मग एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नाही. गूगलवर ‘फ्री ड्रायव्हर’ शोधून जे काय मिळेल ते मात्र उतरवू नका. तुमच्या कॉम्प्युटरवर मागे तीन-तीन टूलबार कुठून आले होते, आठवतं ना?

ड्रायव्हर बसला की घड्याळाजवळच्या नेटच्या चिन्हावर क्लिक करा. आजूबाजूच्या सगळ्यांची नेटवर्कं दिसतील, आपली दोन असतील. एक नुसतं आणि एक शेवटी ‘५जी’ असलेलं. बाबा, हे मोबाइलवालं फाइव्ह-जी नव्हे, त्याचा टॉवरशी काही संबंध नाही. हे ५ गिगाहर्ट्झ. दोन्ही आपल्याच राउटरमधून निघतात. आधी ‘५जी’वालं जोडून बघा. ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’वर खूण करा, म्हणजे रोज विचारणार नाही. मग ते ‘नेटवर्क सिक्युरिटी की’ मागेल, म्हणजे पासवर्डच. कधी कधी आधी राउटरच्या लेबलवरचा आठ आकडी पिन मागतं. तो देत बसू नका, खाली सिक्युरिटी कीने जोडायचा पर्याय असतो तो दाबा. पासवर्ड आईने कालनिर्णयच्या मागे लिहिलाय, पण गेल्या वर्षीच्या. रद्दीत गेलं नसेल अशी आशा. मोठी लिपी, लहान लिपी जशीच्या तशी टाका, आणि टाकलेलं दिसावं म्हणून शेजारचं डोळ्याचं चिन्ह दाबून धरा.

जोडलं गेलं की आता केबल काढा. केबल आणि वायफाय दोन्ही असताना विंडोज सहसा केबललाच पसंती देतं, त्यामुळे केबल काढल्याशिवाय डोंगल चालतंय का नुसतं बसलंय ते कळणार नाही.

रेंजचं थोडं विस्ताराने लिहिते, कारण खरी कटकट तिथे होईल. नाशिकच्या हिरावाडीतलं आपलं घर तुम्ही नऊ इंची भिंती घालून बांधलं, आणि राउटर आणि वरच्या खोलीच्या मध्ये सळया भरलेला स्लॅब आहे. ५ गिगाहर्ट्झची लहर सहा सेंटीमीटरच्या आतबाहेर, २.४ ची साडेबारा. छोट्या लहरीवर नेट वेगवान, पण ती भिंतीपुढे लवकर दमते. मोठीवर नेट हळू, पण ती आरपार पोचते. म्हणून ‘५जी’वर एक-दोनच दांड्या दिसत असतील आणि आईचा क्लास अडकत असेल, तर हट्ट न करता साधं नेटवर्क जोडा. स्थिर नेट वेगवान नेटपेक्षा बरं.

त्याच्याही आधी राउटर हलवा. सध्या तो टीव्हीच्या मागे, सेट-टॉप बॉक्सच्या खाली कोंबलेला आहे. त्याला शोकेसवर चढवा, जिन्याच्या बाजूच्या टोकाला. (तिथल्या तुमच्या निरोप समारंभाच्या स्मृतिचिन्हांना जरा सरकायला सांगा.) फायबरची बारीक वायर वर घेताना तिला काटकोनात दुमडू नका, आत काच असते, मोठं वळण द्या. आणि अँटेनाचं तुम्हाला मी काय सांगणार, मिग विमानांच्या वायरिंगमध्ये तुमची अख्खी नोकरी झाली. उभ्या दांडीतून लहरी आडव्या पसरतात, टोकाच्या दिशेने जवळजवळ काहीच जात नाही. आपल्याला वर पाठवायचं आहे, म्हणून दोनपैकी एक अँटेना उभी ठेवा आणि दुसरी आडवी पाडा. मग मोबाइल घेऊन वर जा आणि कुठल्या कोनात दांड्या वाढतात ते बघा. हा उद्योग तुम्हाला आवडेल, फक्त क्लासच्या वेळेत करू नका.

क्लासवरून आठवलं. आई, तू म्हणालीस की रोज साडेसहाच्या सुमाराला मोबाइलवर बाईंचा आवाज तुटतो. त्याच वेळी बाबा मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करतात का, तेवढं बघ. मायक्रोवेव्हही २.४५ गिगाहर्ट्झलाच चालतो आणि त्यातून किंचित जे झिरपतं ते अंगाला अपायकारक नसलं तरी वायफायला पुरे असतं. ‘५जी’वर हा त्रास होत नाही. किंवा सोपा उपाय, बाबांनी दूध गॅसवर तापवावं.

एक सेटिंग मात्र आठवणीने करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क ॲडॉप्टर्स’खाली डोंगलचं नाव दिसेल, त्याच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘पॉवर मॅनेजमेंट’ असेल. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्यावं अशा अर्थाची खूण असते, ती काढून टाका. नाहीतर कॉम्प्युटर झोपला की डोंगलही झोपतं आणि कधी कधी उठतच नाही. तसं झालंच तर काढून पुन्हा लावा.

सध्या कुंभमेळ्याच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदलंय म्हणता, तेव्हा नेट गेलं की आधी राउटर बघा. त्यावर लाल दिवा असेल तर बाहेरची लाइन गेली आहे, डोंगलचा दोष नाही, त्याला उपटू नका. मोबाइलवर त्याच वायफायने नेट चालत असेल आणि कॉम्प्युटरवर नसेल, तरच वर जा.

आणि हे दोघांनी वाचा. नेट बंद असताना ‘तुमच्या वायफायमध्ये प्रॉब्लेम आहे, हे ॲप टाका, आम्ही इथून दुरुस्त करतो’ असा फोन आला तर तो ठेवून द्यायचा. कितीही गोड बोलला, कितीही मराठीत बोलला तरी. तसल्या ॲपमधून समोरच्याला आपली अख्खी स्क्रीन दिसते, बँकेचं पानही आणि ओटीपीही. म्हणूनच मी स्वतःसुद्धा तसलं ॲप तुमच्या कॉम्प्युटरवर टाकलेलं नाही. एकदा सवय झाली की ‘मुलगी पण असंच करते’ म्हणून दुसऱ्यालाही हो म्हटलं जातं. चुकून पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त.

पासवर्ड बदलायचं मनावर घ्या. समोरच्या घरातला मुलगा परीक्षेपुरता घेऊन गेला होता, त्याचं आता इंजिनिअरिंग संपत आलं. राउटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ किंवा ३ असू दे आणि पासवर्डात घराचं नाव नको. पण ते दिवाळीत मी आले की करू. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय आणि आपल्या जुन्या प्रोसेसरवर ११ अधिकृतपणे चढत नाही, त्याचंही तेव्हाच बघू. नवा कॉम्प्युटर घ्यावा असं माझं मत आहे. बाबांचं काय असेल ते मला माहीत आहे.

आईने गुडघ्याचं तेल लावलं का? माझ्याकडे सगळं ठीक. इथे चिवडा मिळतो पण तो कोंडाजीचा नसतो, एवढं लिहून थांबते.

कळावे, लोभ असावा.

तुमची
ताई

ता. क. बिल डबीच्या तळाशी आहे. वॉरंटी बिलावरच मिळते, तेव्हा ते गॅसच्या पुस्तकात ठेवा, चष्म्याच्या घरात नको.