रविवारच्या कुलपाविषयी

खानापूर, बुधवार

चि. वैशालीस अनेक आशीर्वाद.

काल रात्री तू फोन ठेवून दिलास, त्यानंतर मला झोप लागली नाही. रविवारी तुझी ती दोघे पोटभाडेकरू गावी गेली की टिळकवाडीच्या घरातील त्यांच्या खोल्यांना नवे कुलूप लावून सामान गच्चीवर काढणार, असे तू म्हणालीस. ते करू नकोस, एवढ्यासाठीच हे पत्र.

तुझी बाजू खरी आहे. दिवाळीपर्यंत म्हणून आलेली माणसे होळी आली तरी हलत नाहीत, भाडे देत नाहीत आणि वर तुझीच भांडी ओट्यावरून खाली ठेवतात. पण शहापूरच्या वाड्यात आपणही पोटभाडेकरूच होतो. १९८३ साली, मी आठवीत असताना, गणपतीहून परतलो तर दाराला नवे पितळी कुलूप. आजी पिठाचा डबा मांडीवर घेऊन रात्रभर पायरीवर बसली होती. पहाटे समोरचे माग सुरू झाले तरी उठली नाही. खरे सांगायचे तर मुदत संपली होती, चूक अप्पांचीच होती. तरीही अप्पांनी दावा लावला आणि कुलूप लावणाऱ्यालाच दार उघडून द्यावे लागले. १९६३ च्या स्पेसिफिक रिलीफ कायद्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे, कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा काढून घेतला, त्याने सहा महिन्यांच्या आत दावा केला तर घर कोणाचे हे न पाहता त्याला ताबा परत मिळतो. हट्ट त्यांचा आणि कोर्टात उभी तू, असे व्हायला नको. फ्यूज काढणे, पाणी तोडणे हेही नको.

आधी करारपत्र काढून वकिलांकडून नीट वाचून घे; ते कानडीत आहे आणि तू सही करताना अर्धेच वाचले होतेस, हे मला ठाऊक आहे. पोटभाडेकरू ठेवायला मालकांची लेखी संमती आहे का, ते पाहा. १९९९ च्या कर्नाटक भाडे कायद्यात अशा संमतीशिवाय खोली पोटभाड्याने देणे हे मूळ भाडेकरूलाच बाहेर काढण्याचे कारण धरले आहे, म्हणून ते तोंडी ‘हो’ म्हणाले असतील तर प्रथम त्यांना जाऊन भेट. मग लेखी नोटीस दे. महिन्याच्या भाड्याची वहिवाट असेल तर १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या १०६ व्या कलमाप्रमाणे पंधरा दिवसांची नोटीस लागते; तुझ्या सहीची, स्पीड पोस्टाने, आणि पावती जपून ठेव. मुदत संपल्यावर त्यांनी पुढच्या महिन्याचे भाडे पुढे केले तर वकिलांना विचारल्याशिवाय घेऊ नकोस, नाहीतर नोटीस सोडून दिली असे ते म्हणतील. तरीही गेले नाहीत तर ताब्याचा दावा, आणि हुकूम झाल्यावर घर खाली करून घेणे कोर्टाच्या बेलिफाचे काम. तुझे किंवा नंदूचे नव्हे. फीची काळजी करू नकोस. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

पाहा, पुन्हा शिकवणी सुरू झाली. माफ कर. पहिल्या पगारात स्वतःच्या सहीने घर भाड्याने घेणारी आपल्या घरातली तू पहिली, हे मी बसस्टँडवरच्या पानवाल्यालाही सांगितले आहे. म्हणूनच कदाचित भीती जास्त वाटते. रात्री तू एकटी एका बाजूला आणि ती दोघे दुसऱ्या बाजूला, हे आठवले की मलाच ते कुलूप लावावेसे वाटते. नंदूच्या वेळी मी गप्प राहिलो, ते तुझी आई अजून विसरलेली नाही.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी येतो. करारपत्र, त्यांनी दिलेल्या भाड्याच्या नोंदी आणि फोनवरचे निरोप एका पिशवीत घालून ठेव. आणि कुलूप आणले असलेस तर बिल फेकू नकोस. वापरले नसेल तर दुकानदार परत घेईल.

तुझे
बाबा