सिकलसेलचा अहवाल मिळतो, अर्थ कोण सांगणार?

महोदय,

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराविरुद्धचे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान २०२३ साली सुरू झाले आणि विदर्भातील तपासण्यांना वेग आला, ही समाधानाची बाब आहे. मात्र तपासणीनंतर हाती पडणारा कागद वाचायचा कसा, हे बहुतेक कुटुंबांना कोणी नीट समजावून सांगत नाही.

आमच्या वस्तीतील एका मुलीच्या अहवालावर ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ एवढाच इंग्रजी शेरा होता. मुलीला सिकलसेल झाला असे धरून घरच्यांनी तिचे मैदानावर जाणे बंद केले, नात्यात कुजबुज सुरू झाली, आणि पुढे हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी) केल्यावर ती ‘एएस’, म्हणजे सदोष जनुक फक्त एका पालकाकडून आलेली, केवळ वाहक असल्याचे निघाले. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी आहे. रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच ती सांगते, माणूस वाहक आहे की रुग्ण, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तशीच एचपीएलसी ही चाचणी करावी लागते. वाहकाला सहसा कोणताही त्रास नसतो, औषध लागत नाही आणि वाहकाचा पुढे कधी रुग्णही होत नाही. हे चार शब्द त्याच दिवशी मराठीत सांगितले गेले असते, तर त्या घराचा मनस्ताप टळला असता.

लग्न ठरवताना पत्रिका जुळवणारी मंडळी या कागदाचा विषय निघाला की गप्प होतात. वास्तविक आई-वडील दोघेही वाहक असतील तर त्यांचे मूल ‘एसएस’, म्हणजे रुग्ण होण्याची शक्यता २५ टक्के असते, आणि ती प्रत्येक गरोदरपणात तेवढीच राहते. ‘एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन चांगली होतील’ हा हिशेब मी सुशिक्षित माणसांच्या तोंडूनही ऐकला आहे. एकच जोडीदार वाहक असेल आणि दुसऱ्यात हा दोष मुळीच नसेल तर मूल वाहक होऊ शकते, रुग्ण नव्हे. तेवढ्यावरून सोयरीक मोडणे हा निव्वळ अज्ञानाचा भाग आहे.

घरात ‘एसएस’ रुग्ण असेल तर जाणकारी अधिकच लागते. शरीरातील पाणी कमी झाले की वेदनांचा झटका येऊ शकतो, त्यामुळे नागपूरच्या उन्हाळ्यात अशा मुलाला शाळेत वारंवार पाणी पिण्याची मुभा हवी, आणि ते शिक्षकांनाही ठाऊक हवे. ताप आल्यास घरगुती उपायांत वेळ न घालवता त्याला लगेच डॉक्टरांकडे न्यावे. ‘रक्त कमी आहे’ म्हणून परस्पर लोहाच्या गोळ्या सुरू करणेही योग्य नाही, कारण या आजारातील रक्तक्षय मुळात लोहाच्या कमतरतेने होत नाही.

आरोग्य विभागाला माझी विनंती एवढीच की, प्रत्येक अहवालावर ‘वाहक’, ‘रुग्ण’ किंवा ‘पुढील चाचणी आवश्यक’ यांपैकी लागू असलेला शेरा ठळक मराठीत छापावा, आणि अहवाल देताना समुपदेशकाने किंवा आशा सेविकेने तो कुटुंबाला वाचून दाखवावा. वाचकांनीही शेरा कळला नाही तर संकोच न बाळगता ‘एएस की एसएस?’ असे तिथेच विचारावे आणि अंतिम चाचणीचा कागद आधार कार्डासारखा जपून ठेवावा. पुढे लग्नाच्या वेळी आणि बाळंतपणात तोच मागितला जातो.

आपला,
एक वाचक, नागपूर