प्राणिसंग्रहालयातले केअरटेकर दर वर्षी बदलू नका : नगरविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. नगरविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्राणिसंग्रहालयांत केअरटेकरची कायम पदे मंजूर करण्याबाबत.

महोदय,

मी पशुवैद्यक आहे. परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो आणि मराठवाड्यातच पशुसंवर्धन विभागात नोकरी करून निवृत्त झालो. माझी सगळी उमेद गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांमध्ये गेली. पण आमच्या भागात एक लहान प्राणिसंग्रहालय आहे, आणि तिथले डॉक्टरचे पद रिकामे असे तेव्हा अडीअडचणीला मला बोलावणे येई. निवृत्तीनंतरही माझे तिथे जाणे सुटले नाही. त्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे त्याचा दोष कोणा एका अधिकाऱ्याकडे जात नाही. पदांची रचनाच तशी आहे, आणि ती रचना आपल्या विभागाच्या मंजुरीने ठरते, म्हणून हे पत्र वनमंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

लहान प्राणिसंग्रहालयाचा दिवस सकाळी साडेसहाला मोजणीने सुरू होतो. चितळ किती, काळवीट किती, मोर किती, हे पाहून नोंदवहीत आकडा पडतो. नंतर सफाई. जाणता केअरटेकर मात्र हातात झाडू घेण्याआधी खाली वाकून लेंड्या पाहतो, त्या सुट्या आहेत की चिकटलेल्या, रात्रीचा चारा किती उरला, कोणते जनावर कळपापासून बाजूला उभे आहे, हे पाहतो, आणि मग कामाला लागतो. रानातले जनावर आपला आजार शेवटपर्यंत लपवते. गाय आजारी पडली की मालकाला त्याच दिवशी कळते. चितळ मात्र उभे असते, कान हलवत असते, आणि दुसऱ्या दिवशी मेलेले सापडते. त्यामुळे डॉक्टर कितीही हुशार असला तरी त्याला वेळेवर बोलावणारा माणूस पिंजऱ्यापाशी नसेल तर त्याच्या हाती शवविच्छेदनाखेरीज काही उरत नाही.

असा एक माणूस मी अनेक वर्षे जवळून पाहिला. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणत असे. शिक्षण चौथीपर्यंत. त्यांच्याकडे एक मादी बिबट्या होती, उसाच्या फडातून पिल्लू असताना आणलेली. एका सकाळी त्यांचा फोन आला, "डॉक्टरसाहेब, येऊन जा. खातीय, पण मान डावीकडं कलती करून खातीय, अन् हाड नुसतं चाटून ठेवतीय." मी गेलो तेव्हा बाहेरून पाहता काहीच दिसत नव्हते. तीन किलो मांस संपलेले होते, चाल ठीक होती, डोळे स्वच्छ होते. मामांच्या शब्दावर आम्ही तिला स्क्वीझ केजमध्ये घेतले, म्हणजे एक बाजू सरकवून जनावराला हळूच दाबून धरता येते अशा पिंजऱ्यात, आणि गुंगीचे इंजेक्शन देऊन तोंड उघडले. उजवा वरचा सुळा तुटून त्याच्या मुळाशी पू धरला होता, आणि अजून आठवडा गेला असता तर पू जबड्याच्या हाडात उतरला असता. तोंड उघडेपर्यंत मामा पिंजऱ्याच्या दुसऱ्या बाजूला बसून तिच्याशी बोलत होते, आणि इंजेक्शन टोचताना ती गुरगुरली ती माझ्यावर, मामांवर नाही.

मामा कंत्राटी होते. त्यांच्यासारखे आणखी चौघे होते, सगळे एजन्सीमार्फत लावलेले. कंत्राटाची मुदत संपली, नवी निविदा निघाली, नवा ठेकेदार आला आणि त्याने आपली माणसे आणली. ती माणसे वाईट नव्हती; त्यातले दोघे त्याआधी रस्तेसफाईवर होते आणि एकजण मंगल कार्यालयात कामाला होता. त्यांना दोन तास पिंजरे फिरवून दाखवले आणि किल्ल्यांचा जुडगा दिला.

त्यानंतरच्या नवव्या दिवशी एक नर काळवीट संध्याकाळी शेडमध्ये जाईना. मामा अशा वेळी शेडच्या तोंडाशी लसूण घासाची पेंढी टाकून बाजूला जात आणि अर्धा तास थांबत. त्या संध्याकाळी कामावर असलेल्या नव्या पोराला ते माहीत असण्याचे कारण नव्हते, म्हणून त्याने काठी घेऊन काळविटाला कुंपणाच्या कडेने पळवले. वीस मिनिटांनी जनावर आत गेले. सकाळी ते उठेना. मागचे पाय लाकडासारखे ताठ झाले होते, अंग तापले होते, लघवी काळ्या चहासारखी होत होती. पळवून दमवलेल्या हरणाच्या स्नायूंचे तंतू आतून तुटत जातात, त्यातले द्रव्य रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करते, आणि ही अवस्था आल्यावर सलाइन लावण्यापलीकडे फारसे काही करता येत नाही. दुपारी तीनच्या सुमाराला ते गेले. तो पोरगा शेडच्या भिंतीला टेकून रडत होता आणि मला पुन्हा पुन्हा विचारत होता, "मी मारलं नाही साहेब, हातसुद्धा लावला नाही." त्याचे खरे होते. काठी अंगाला लागलीच नव्हती.

शिकवले नाही तर चुका अशाच होतात, आणि त्या दिसायला साध्या असतात. फिनेलचे उदाहरण घ्या. सफाईवरून आलेला माणूस पिंजरा फिनेलने धुणार, कारण आजवर त्याने तेच केले आहे. पण मांजरकुळातल्या प्राण्यांना फिनेलमधली द्रव्ये शरीरातून नीट बाहेर टाकता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवर बसून पंजे चाटणाऱ्या बिबट्याच्या पोटात ते रोज थोडे थोडे जाते. मांसाचेही तसेच. डिसेंबर २०२४च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. तेव्हापासून तरी कोंबडीचे मांस कुठून आले, कसे आले, त्याला वास आहे का, हे वाढणाऱ्याच्या हाताला आणि नाकाला कळले पाहिजे. आलेला डबा तसाच परत पाठवण्याचे धाडस कायम माणूस करतो. ज्याची नोकरी पुढच्या महिन्यात राहील की नाही याची खात्री नाही, तो पुरवठादाराशी वाद घालत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही.

उन्हाळ्याबद्दल आपल्याला वेगळे सांगायला नको. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, अशा प्रदेशात आम्ही राहतो. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो तेव्हा टँकरचे पाणी हौदात आधी सोडायचे की गोणपाट भिजवायला ठेवायचे, तरसाच्या पिंजऱ्यावरची हिरवी जाळी कोणत्या बाजूला ओढायची, माकडांना कलिंगड किती वाजता द्यायचे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नाही. दोन उन्हाळे त्याच आवारात काढलेला माणूस ते न सांगता करतो. पहिला उन्हाळा काढणारा माणूस शिकेपर्यंत पाऊस पडतो, आणि पुढचा उन्हाळा येण्याआधी त्याचे कंत्राट संपते.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये १९९१ साली दुरुस्ती होऊन केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची तरतूद झाली, आणि प्राधिकरणाच्या मान्यतेशिवाय प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही. मान्यतेच्या नियमांत पिंजऱ्यांपासून औषधोपचारांपर्यंत आणि प्रशिक्षित मनुष्यबळापर्यंत सगळे आले आहे. तपासणीला पथक येते, मनुष्यबळ कमी आहे असा शेरा मारते, आणि संस्था उत्तर देते की आकृतिबंधात, म्हणजे मंजूर पदांच्या यादीत, पद नाही, प्रस्ताव शासनाकडे आहे. प्रस्ताव शासनाकडे पडून राहण्याचे कारण बहुतेक वेळा एकच दिले जाते, ते म्हणजे आस्थापना खर्चाची, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या पगार-भत्त्यांवरील खर्चाची, उत्पन्नाच्या पस्तीस टक्क्यांची मर्यादा. ही मर्यादा कशासाठी आहे हे मी जाणतो. मराठवाड्यातल्या स्थानिक संस्थांचे उत्पन्न तुटपुंजे आहे, आणि सरसकट नोकरभरती त्यांना झेपणार नाही हेही मान्य आहे. पण सात-आठ केअरटेकरांच्या पगाराने कोणतीही संस्था बुडत नाही, आणि त्याच कामाचे पैसे एजन्सीला ती आजही देतेच आहे.

म्हणून माझी मागणी नेमकी आहे. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या प्रत्येक स्थानिक संस्थेच्या आकृतिबंधात केअरटेकर हे स्वतंत्र, कायम पद धरावे, आणि एवढ्या पदांपुरती आस्थापना खर्चाची अट शिथिल करावी. ते होईपर्यंत निविदेत एक अट घालावी की ठेकेदार बदलला तरी पिंजऱ्यावरचे जुने माणूस बदलणार नाही, आणि एखाद्याला सोडायचेच असेल तर नव्या माणसाने किमान दोन महिने त्याच्यासोबत काम केल्यावरच किल्ली त्याच्या हाती जाईल. या अटीला शासनाचा एक रुपयाही जास्तीचा लागत नाही. प्रशिक्षणाची सोय तर आपल्या दारात आहे. परभणी आणि उदगीर या दोन्ही ठिकाणी पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत, आणि तिथले प्राध्यापक वर्षातून आठवडाभर या माणसांना शिकवायला आनंदाने येतील, असे मी त्यांच्यातल्या काहींशी बोलून लिहीत आहे. या सगळ्यांना रेबीजची लस आणि अपघात विमा मिळावा, हेही यातच येते. बिबट्याच्या पिंजऱ्याचा सरकता दरवाजा ओढणाऱ्या माणसाचा विमा नसतो, हे मला अनेक वर्षे ठाऊकच नव्हते.

मामा आता शहराबाहेर एका गोदामावर रात्रीचे राखणदार आहेत. आमच्याकडे सध्या जे चौघे आहेत त्यांच्यात काळविटाच्या वेळचा तो पोरगाही आहे. नव्या ठेकेदाराने त्याला योगायोगाने ठेवून घेतले. आता तो पेंढी टाकून अर्धा तास थांबतो, आणि गेल्या महिन्यात एका चितळाच्या लेंड्या पाहून त्याने मला स्वतःहून फोन केला. या चौघांच्या कंत्राटाची मुदत येत्या ३१ मार्चला संपत आहे, आणि नव्या निविदेचा मसुदा अजून तयार व्हायचा आहे. वर लिहिलेली अट त्या मसुद्यात यावी असे निर्देश आपल्या विभागाकडून त्याआधी निघावेत, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुवैद्यक, मराठवाडा