आमच्या बैठकीतला आवाज जागेवर आणणाऱ्या भाऊंना अनावृत आभारपत्र

आदरणीय भाऊ,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर आपण यवतमाळहून दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी आलात. एकही नवी वस्तू विकत घ्यायला न लावता, घरात होते तेच होम थिएटरचे पाच स्पीकर आणि एक सबवूफर (फक्त खालचे, जड सूर वाजवणारा स्पीकर) हलवून आपण आमच्या बैठकीच्या खोलीतला आवाज सुधारून दिलात, त्याबद्दल आम्ही सर्व घरची मंडळी आपले मनःपूर्वक आभारी आहोत. हे आभार फोनवरही मानता आले असते; परंतु कापसाचे चुकारे हाती आल्यावर हौसेने होम थिएटर घेतलेली घरे आमच्या आसपासच्या गावांतही आहेत, त्यांना या कामाचा उपयोग व्हावा म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

आपण येण्यापूर्वी सबवूफर देवघराच्या बाजूच्या कोपऱ्यात होता आणि बाबांचा दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला होता. चित्रपटात गडगडाट झाला की फळीवरचे स्टीलचे डबे थरथरत, सपरीवरची टिने वाजत, आणि पात्रांचे बोलणे मात्र बाबांना कळत नसे. त्याहून अधिक वाईट त्यांना वाटे ते भजनांचे. गावच्या भजनमंडळाने म्हटलेली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने त्यांच्यापाशी ध्वनिमुद्रित आहेत. त्यांत ढोलकीचा खालचा सूर आडात बोलल्यासारखा घुमत राही आणि खंजिरीची थाप त्याखाली पार दबून जाई. आणखी मोठा सबवूफर घ्या, असा सल्ला आम्हाला एका दुकानातून मिळाला होता.

आपण प्रथम जे केलेत ते पाहून आई चकितच झाली. आपण सबवूफर उचलून थेट दिवाणावर, बाबा बसतात त्या जागी ठेवलात, मोबाइलवरून ३० ते १०० हर्ट्झपर्यंत (म्हणजे सेकंदाला तितकी कंपने) हळूहळू चढत जाणारा सूर लावलात आणि स्वतः गुडघ्यांवर बसून भिंतीच्या कडेकडेने, कान जमिनीजवळ नेत, सरकत गेलात. कोपऱ्यात पोहोचलात की काही सूर फुगत होते. दारापाशी तर एक सूर जवळजवळ नाहीसाच होत होता. समोरच्या भिंतीलगत, उजव्या कोपऱ्यापासून साधारण एक तृतीयांश अंतरावर आपण थांबलात, मला जवळ बोलावलेत आणि तिथे कान लावायला सांगितलेत. तिथे सगळे सूर बऱ्यापैकी सारखे येत होते. त्या जागी खडूने खूण करून आपण सबवूफर तिथे आणून ठेवलात. ऐकण्याची आणि वाजवण्याची जागा यांची अदलाबदल केली तरी त्या दोन जागांमधला आवाजाचा मार्ग तोच राहतो, म्हणून ही रीत चालते, हे आपण बाबांना ज्या आदराने समजावलेत ते मी विसरणार नाही.

त्यानंतर आपण कारणही सांगितलेत. आमची बैठक १६ फूट लांब. ३५ हर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण ३२ फूट, म्हणजे खोली तिच्या निम्मी. अशी लहर दोन भिंतींमध्ये उभी राहते, भिंतींशी तिचा दाब सर्वाधिक असतो आणि मधोमध तो जवळजवळ शून्यावर येतो. ७० हर्ट्झलाही भिंतीशी पुन्हा जोरच. कोपऱ्यातला सबवूफर या सगळ्या लहरींना एकदम चेतवतो आणि भिंतीला टेकून बसणाऱ्याच्या कानावर त्या सगळ्या एकदम येतात. म्हणूनच आपण दिवाणही भिंतीपासून पुढे ओढायला लावलात. घरात पहिल्यांदा कुरकूर झाली, कारण मागे जाण्यायेण्याची वाट तयार होऊन बैठक लहान दिसू लागली. आता ती कुरकूर कोणी करत नाही. ज्या ठिकाणी लहरी एकमेकींना खोडतात तिथे आवाज कितीही वाढवला तरी तो खड्डा भरत नाही, जागाच बदलावी लागते, हे आपले वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते. मोठा सबवूफर घेऊन आमचे पैसे गेले असते आणि खड्डा तसाच राहिला असता.

बाकीचे काम आपण झपाट्याने उरकलेत. समोरचे दोन स्पीकर बाबांच्या बसण्याच्या जागेपासून मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना ३० अंशांवर, ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला. मागचे दोन बाजूला थोडे मागे, ११० अंशांच्या आसपास. टीव्हीखालचा मधला स्पीकर खोल कप्प्यात होता, तो कडेपर्यंत पुढे आणून, पुढच्या बाजूखाली सागाची पाचर देऊन, त्याचे तोंड कानाकडे केलेत. संवाद मुख्यतः त्याच स्पीकरमधून येतात, त्यामुळे बाबांच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी दुरुस्ती ठरली. एका मागच्या स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलेली आपल्याला आढळली, तीही सरळ केलीत. रिसीव्हरमध्ये (सर्व स्पीकरांना आवाज पुरवणाऱ्या यंत्रात) सर्व स्पीकर ‘स्मॉल’ ठेवून ८० हर्ट्झखालचा भाग सबवूफरकडे वळवलात, आणि त्याचा फेज (त्याची लहर बाकी स्पीकरांच्या लहरींशी जुळवण्याची सोय) ० व १८० अंशांवर आळीपाळीने ठेवून, दिवाणावर जिथे ढोलकी अधिक भरीव ऐकू आली तिथे तो कायम केलात.

भिंतीवर पातळ सतरंजी टांगून घुमणे थांबत नाही, तिने फक्त वरचे सूर मऊ होतात, हेही आपण स्पष्ट सांगितलेत. आपल्या सांगण्यावरून घरच्या कापसाच्या दोन जाड गाद्या मागच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून थोड्या अंतरावर उभ्या केल्या आहेत. त्यांनी खोलीची गुणगुण कमी झाली आहे. अगदी खालच्या सुरांवर त्यांचा फारसा परिणाम नाही, आणि तो होणार नाही हे आपण आधीच सांगितले होते.

आता बाबा भजन ऐकताना खंजिरीच्या चकत्यांची किणकिण वेगळी ओळखतात आणि रात्री आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी ठेवूनही संवाद समजतात. आपण जाण्यायेण्याच्या खर्चाखेरीज काही घेतले नाहीत, याचा संकोच आमच्या मनात आहे. पऱ्हाटी उपटून झाली की आपण सहकुटुंब जेवायला यावे, ही आईची विनंती आहे. त्याच वेळी एक गोष्ट पाहून द्यावी: मार्चमध्ये डाव्या खिडकीत कूलर बसेल, तेव्हा मागचा डावा स्पीकर तिथून हलवावा लागेल, आणि त्याची नवी जागा आपल्या कानांनीच ठरावी अशी बाबांची इच्छा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली कृतज्ञ,
दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबातील लेक