धसका उतरला, त्याबद्दल आभार

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पुराच्या धसक्यावरच्या मानसोपचाराच्या शेवटच्या भेटीत आपले आभार मानायचे मनात होते, पण घसा दाटून आल्यामुळे ते राहून गेले. हे पत्र मी मुद्दाम उघडपणे लिहीत आहे. नागपुरातल्या आमच्या अंबाझरी लेआउट परिसरात आजही रात्री पावसाचा जोर वाढला की घराघरांत दिवे लागतात, माणसे फाटकाशी येऊन पाण्याचा अंदाज घेत उभी राहतात आणि सकाळी त्याविषयी कोणी अवाक्षर काढत नाही. आपण माझ्यासाठी काय केले, हे त्यांच्याही कानावर जावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

२२ सप्टेंबर २०२३ ला आमच्याकडे महालक्ष्म्यांचे जेवण होते. पंगती उठायला रात्र झाली होती आणि घर दमून झोपले होते. मध्यरात्रीनंतर पाऊस सुरू झाला, काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक कोसळला आणि अंबाझरी तलाव ओसंडून पाणी वस्तीत शिरले. मला जाग आली तेव्हा पाणी पलंगाला लागले होते. वर्षभरापासून अंथरुणाला खिळलेली माझी आई मागच्या खोलीत होती. मी मात्र आधी समोरच्या खोलीत धावलो, मखरातून ज्येष्ठा-कनिष्ठेचे मुखवटे उचलून माळ्यावर ठेवले आणि मगच आईकडे वळलो. तेवढ्या वेळात पाण्याच्या दाबाने मधले दार उघडेनासे झाले होते. शेजारच्या मुलांनी ते खांदा लावून उघडले, तेव्हा आईच्या पाठीखालची गादी भिजून जड झाली होती. आम्ही तिला वरच्या मजल्यावर सुखरूप नेले. पुढे जानेवारीत ती गेली. हृदय थकले होते, त्याचा पुराशी संबंध नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. पण माझ्या मनाने हिशेब केव्हाच मांडून ठेवला होता.

त्यानंतर शेजारची टाकी भरून वाहू लागली तरी माझे तळहात गार पडत. सुमारे तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेला मी माणूस, पहाटे तीनला उठून मोरीचे तोंड तपासू लागलो. रक्तदाबाची गोळी वाढली. एका ठिकाणी दोनदा समुपदेशनालाही गेलो. तिथे ती रात्र पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली गेली. दोन्ही वेळा घरी आल्यावर मी जेवू शकलो नाही आणि ते तिथेच थांबवले.

म्हणूनच धरमपेठेतल्या आपल्या दवाखान्यात पहिल्या दिवशी आपण पुराविषयी एकही प्रश्न विचारला नाही, याचे मला फार नवल वाटले होते. आपण विचारलेत ते इतकेच, की डोळे मिटल्यावर कुठे बरे वाटते. मला काटोलचा मामांचा संत्र्याचा बगीचा आठवला, अंबिया बहरात फुललेला, मधमाश्यांच्या आवाजाने भरलेला. पहिल्या तीन भेटी त्या बगीच्यात जाऊन परत येण्यातच गेल्या. छातीवर हात फुलपाखरासारखे दुमडून आलटून पालटून खांद्यांवर हलके थोपटण्याची रीत आपण त्याच वेळी शिकवलीत. १९९७ मध्ये पॉलीन चक्रीवादळाने मेक्सिकोतल्या अकापुल्कोला झोडपल्यानंतर तिथल्या मुलांसाठी ती पुढे आली, असे आपण सांगितलेत, तेव्हा पाण्याचे भय खाल्लेला मी एकटाच नाही, हे पहिल्यांदा आत कुठेतरी पोहोचले.

ईएमडीआर, म्हणजे त्रासदायक आठवण मनात धरून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवण्याच्या आपल्या उपचारपद्धतीविषयी मी आपल्याला शिक्षकी बाण्याने छळले, तरी आपण एकदाही चिडला नाहीत. फ्रान्सिन शपिरो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंना १९८७ मध्ये ही कल्पना सुचली, १९८९ मध्ये त्यांचा पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये आघातोत्तर ताणावरच्या उपचारांत तिची शिफारस केली, हे आपण क्रमाने सांगितलेत. बोटामागे डोळे फिरवून धसका कसा जाईल, या माझ्या प्रश्नाचे उत्तरही आपण दिलेत. आठवण मनात धरताना लक्षाचा काही भाग डोळ्यांच्या हालचालीत गुंतला, की त्या चित्राची धार कमी होते, असे एक स्पष्टीकरण आहे. मात्र डोळ्यांच्या हालचालींचा वाटा नेमका किती, यावर संशोधकांत अजून वाद आहे. हा वाद आपण माझ्यापासून लपवला नाहीत, आणि खरे सांगायचे तर माझा विश्वास तिथेच बसला.

चौथ्या भेटीत आपण त्या रात्रीचे सर्वांत वाईट चित्र समोर आणायला सांगितलेत. मधले दार आणि त्याच्या फटीतून येणारे गढूळ पाणी. त्रास शून्य ते दहा यांपैकी किती, असे विचारल्यावर मी नऊ म्हणालो. स्वतःविषयी कोणते वाक्य मनात येते, यावर उत्तर आले, “मी आईला मागे ठेवले.” मग आपली दोन बोटे डावीकडून उजवीकडे फिरू लागली. प्रत्येक फेरीनंतर आपण थांबून एवढेच विचारत होतात, “आता काय येतंय?” कधी चिखलाचा वास आला, कधी मखराची भिजलेली झालर. कितव्या फेरीला कोण जाणे, आईचा आवाज आला. त्या रात्री माझी चाहूल लागताच ती आतून ओरडली होती, “आधी महालक्ष्म्या उचल बापू, मी काय कुठं पळून चालली?” हे मला ठाऊक नव्हते असे नाही, घरच्यांना मी ते सांगितलेही होते, पण स्वतःवरच्या खटल्यात मी तिची साक्ष कधी धरलीच नव्हती. मी रडत होतो, आणि आपण बोटे खाली घेऊन शांत बसून राहिलात. त्या शांततेचे ऋण मोठे आहे.

अशा सहा भेटींनंतर आकडा एकवर आला. शून्याचा आग्रह आपण धरला नाहीत. आई गेल्याचे दुःख राहणारच आणि ते आजार नव्हे, असे म्हणालात. ती रात्र मला आजही आठवते, पण आता ती २०२३ मधली रात्र म्हणून आठवते, आज रात्री घडणार असल्यासारखी नाही. माझा आघात एकाच रात्रीचा होता. ज्यांनी लहानपणापासून वर्षानुवर्षे मार किंवा अत्याचार सोसला, त्यांची वाट याहून लांब असते, हेही आपणच सांगितले होते, म्हणून इथे नोंदवतो. ज्यांना दवाखान्याची पायरी चढणे जड जाते किंवा परवडत नाही, त्यांनी निदान टेली-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

गेल्या वर्षी आईच्या जाण्यामुळे आमच्याकडे महालक्ष्म्या बसल्या नाहीत. यंदा बसणार आहेत. मुखवटे कालच माळ्यावरून काढले. कनिष्ठेच्या कानामागे चिखलाची एक वाळलेली रेघ राहिली होती, ती मी ओल्या फडक्याने पुसली. आपल्या व्यवसायाचे संकेत मी जाणतो, त्यामुळे जेवायला येण्याचा आग्रह करत नाही. पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा डबा दुसऱ्या दिवशी दवाखान्यात पोहोचता करीन, एवढी परवानगी असावी.

आपला ऋणी,
अंबाझरी लेआउटमधील एक निवृत्त शिक्षक
नागपूर